डावीकडे तोंड केलेला बूट

दुकानात चप्पल घेणाऱ्या माणसाकडे जरा लक्ष देऊन पाहा. डोळ्यांनी तो फळीवरचा एक जोड फक्त निवडतो. पुढचं सगळं हातांनी चालतं. उचलून वजनाचा अंदाज घेतो, पुढून-मागून धरून वाकवतो, पट्ट्याखाली बोट घालून शिवण टोचतेय का ते बघतो, उलटी करून तळ पाहतो. कोल्हापुरी असेल तर नाकाशीही नेतो. मग पायात घालून चार पावलं चालतो, आणि एवढं झाल्यावर म्हणतो, “दुसरी दाखवा बरं.”

ऑनलाइन दुकानात यातलं काहीच होत नाही. तिथे सहा-सात फोटो असतात आणि फार तर पंधरा-वीस सेकंदांचा एक व्हिडिओ. गिऱ्हाइकाच्या हाताने जे प्रश्न विचारले असते, त्यांची उत्तरं त्यातूनच मिळायची. पादत्राणांचे फोटो काढणाऱ्याने हे एकदा ध्यानात घेतलं की कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुठून सोडायचा, काय पुसायचं आणि काय मुळीच पुसायचं नाही, हे बरंचसं आपोआप ठरत जातं.

पायात न घालता बूट घेणार कोण, ही शंका 1999 साली अमेरिकेतही होतीच. निक स्विनमर्न नावाच्या तरुणाने ती फेडायला साधी युक्ती केली. त्याने माल भरलाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास बुटांच्या दुकानात जायचं, तिथल्या बुटांचे फोटो काढायचे, ते वेबसाइटवर टाकायचे, आणि कुणी मागणी नोंदवली तर त्याच दुकानातून पूर्ण किमतीला तो जोड विकत घेऊन पाठवून द्यायचा. धंदा म्हणून पाहिलं तर आतबट्ट्याचाच व्यवहार. पण फोटो बघून माणसं बुटाचे पैसे मोजतात, हे त्यातून कळलं. पुढे त्यातून ‘झॅपोस’ उभी राहिली आणि 2009 मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. झॅपोसने प्रत्येक बुटाचे अनेक बाजूंनी फोटो देण्याचा परिपाठ ठेवला आणि नको असलेला जोड 365 दिवसांत फुकट परत करण्याची सोय दिली. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. परत येणाऱ्या पार्सलाचं भाडं कंपनीनेच भरायचं असेल, तर वस्तूपेक्षा सुंदर फोटो तिलाच महागात पडतो.

त्याआधीच्या जाहिरातींना ही काळजी नव्हती. 1955 च्या सुमारास चित्रकार अँडी वॉरहॉल न्यूयॉर्कच्या ‘आय. मिलर’ या बूट कंपनीसाठी वर्तमानपत्री जाहिरातींची चित्रं काढत होता. शाईच्या तुटक, ओघळलेल्या रेषांतले ते बूट मोठे मोहक आहेत. पण टाच किती उंच आहे, हे त्यावरून कुणी ठरवू नये. फ्रेंच छायाचित्रकार गी बूर्दँ तर 1979 मध्ये ‘शार्ल जुर्दां’च्या बुटांसाठी पुतळ्याचे नुसते पाय बरोबर घेऊन ब्रिटनभर हिंडला. रस्त्यावर, फलाटावर ते पाय उभे, आणि वर माणूस नाही. पाहणारा चरकतो आणि बूट लक्षात राहतो. या चित्रांचं काम गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारापर्यंत आणण्याचं होतं. पुढचं काम आतला विक्रेता करी. आता मध्ये विक्रेताच उरलेला नाही.

त्या विक्रेत्याच्या जागी आली नियमावली. ॲमेझॉनवर बुटाचा मुख्य फोटो कसा हवा, हे ठरलेलं आहे: पाठीमागे शुद्ध पांढरा रंग, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे 255, वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापलेला, आणि एकच बूट, तोंड डावीकडे, 45 अंशांच्या कोनात. पहिल्यांदा वाचताना हे कारकुनी वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. चौकोनी चौकटीत जोड बसवला तर दोन्ही बूट लहान दिसतात, एक ठेवला तर मोठा दिसतो. डाव्या पायाचा बूट डावीकडे तोंड करून ठेवला की त्याची बाहेरची बाजू कॅमेऱ्याकडे येते, आणि कंपनीची खूण, कलाकुसर बहुधा तिथेच असते. शिवाय फोनवर बोटाने सरकवताना शंभर बूट एकाच दिशेला, एकाच आकारात दिसले की नजरेला फरक टिपता येतो.

पण हा साचा बंद बुटासाठी बनलेला आहे. कोल्हापुरी चप्पल त्यात घालून पाहा. बाजूने घेतलेल्या फोटोत ती कातड्याची एक जाडसर पट्टी दिसते आणि तिच्यावर पट्ट्याची कमान, बस्स. तिचं रूप सगळं वरच्या अंगाला असतं: अंगठा, वेणी, पट्ट्यावरचे ठसे, तळाच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेले कान. म्हणून कॅमेरा वर न्यावा लागतो, किंवा त्याहून सोपं म्हणजे चप्पल कॅमेऱ्याकडे कलवावी लागते. टाचेखाली एक लाकडी ठोकळा सरकवायचा, तो चपलेच्या आड राहील असा. तेवढ्याने तळाचा पृष्ठभाग समोर येतो, वेणीचे पेड मोजता येतात आणि कानांची गोलाई कळते. एवढी साधी गोष्ट, पण कितीतरी विक्रेत्यांच्या पानांवर कोल्हापुरी अजून स्पोर्ट शूजसारखी आडवी पडलेली दिसते.

कोल्हापुरीच्या फोटोला आणखी एक जबाबदारी आहे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. या जिल्ह्यांबाहेर बनलेली, रेक्झिनची, छापील नक्षीची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून सर्रास विकली जाते, आणि वरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कडेला कळतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची कड जवळून पाहिली तर तंतू दिसतात, तळाचे थर वेगवेगळे ओळखू येतात आणि त्यांना जोडणारी कातडी वादीची शिवण दिसते. रेक्झिनच्या कडेला कापडाची जाळी आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. तेव्हा कारागिराचा माल विकायचा असेल तर कडेचा एक जवळून घेतलेला फोटो आणि तळाचा एक फोटो, हे दोन मुख्य फोटोइतकेच महत्त्वाचे. दुकानात हीच कड गिऱ्हाईक नखाने खरवडून पाहतं.

चित्रात काय ओळखू येतं, याचा पुरावा जून 2025 मध्ये साऱ्या जगाने पाहिला. मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात उघड्या कातडी चपला होत्या. कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलेलं नव्हतं. पण फोटो फिरले आणि अंगठा-पट्ट्याची ती घडण इकडच्या माणसांनी क्षणात ओळखली. गदारोळ झाला, आणि त्या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला कळवलं.

आता फोटो काढण्याच्या जागेकडे वळू. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत किंवा कुठल्याही गावच्या बाजारात हल्ली एक दृश्य दिसतं: दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चप्पल, आणि दुकानातला पोरगा फोन अगदी तिच्या नाकाशी नेऊन वाकलेला. मालक गल्ल्यावरून सांगतात, “अरे, जरा उजेडात घे की.” उजेडाचं त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण आधी अंतराचं बघायला हवं. बूट साधारण 28 सेंटिमीटर लांब धरू. फोन पंजाच्या टोकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर टाच 58 सेंटिमीटरवर जाते. लांबची वस्तू त्या प्रमाणात लहान दिसते, म्हणजे पंजा टाचेच्या जवळजवळ दुप्पट मोठा दिसणार. तोच फोन दीड मीटरवर नेला तर अंतरं 150 आणि 178 होतात. फरक एकोणीस टक्क्यांवर येतो. बुटाचा खरा घाट तेव्हा दिसतो. म्हणून मागे सरकायचं आणि फोनला दोन-तीन पटींची वेगळी लेन्स असेल तर ती वापरायची. मोठ्या कॅमेऱ्यावर 70 ते 100 मिलिमीटरची लेन्स लावतात ती याचसाठी. विकत घेतलेला बूट ‘फोटोत होता त्यापेक्षा अरुंद आहे’ अशी तक्रार येते, तेव्हा गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याने फोटोत पाहिलेला पंजा खरोखरच फुगवलेला होता, फक्त मुद्दाम कुणी फुगवलेला नव्हता.

फोनमधला पोर्ट्रेट मोड इथे बंद ठेवावा. माणसाच्या चेहऱ्यामागची गर्दी पुसट करायला तो ठीक आहे. बुटाच्या बाबतीत तो टाच पुसट करतो, कधी मोकळ्या लेसला पार्श्वभूमी समजून खाऊनही टाकतो. मोठ्या कॅमेऱ्यावर छिद्र एफ 11 च्या आसपास ठेवलं की पंजापासून टाचेपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

उजेडासाठी महागडं सामान लागत नाही. आपल्याकडच्या फोटोवाल्यांची खरी संपत्ती म्हणजे थर्मोकोलच्या शीट, बटर पेपर आणि काळा चार्ट पेपर. भिंतीवरून टेबलावर पांढऱ्या कागदाचा ताव घडी न पाडता वळवून आणायचा, म्हणजे जमीन आणि भिंत यांच्यामधली रेघ नाहीशी होते. एका बाजूने खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड बटर पेपरमधून गाळून घ्यायचा, दुसऱ्या बाजूला थर्मोकोल उभा करायचा. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गंमत सुरू होते ती पांढऱ्या बुटापासून. पांढऱ्यावर पांढरा बूट ठेवला की त्याची कडच विरघळते, आणि नवशिका आणखी दिवे लावतो, त्याने ती अधिकच विरघळते. तिथे उजेड वाढवायचा नसतो, अंधार आणायचा असतो. बुटाच्या दोन्ही अंगांना, चौकटीच्या जरा बाहेर, काळा चार्ट पेपर उभा केला की कडेवर एक बारीक करडी रेघ उमटते आणि बूट कागदापासून सुटा होतो. चकचकीत पेटंट लेदरचं उलटं. तो बूट म्हणजे आरसाच. त्यात दिवा, ट्रायपॉड, खिडकी आणि फोटोवाल्याचं पोट असं सगळं दिसतं. त्याच्याभोवती मोठे पांढरे कागद धरून त्यांचंच प्रतिबिंब पाडावं लागतं. स्वेडच्या बुटाला मात्र फोटोआधी एकाच दिशेने ब्रश फिरवावा लागतो, नाहीतर लव उलटसुलट पडून एकाच बुटात दोन रंग दिसतात.

बूट रिकामा ठेवला तर तो मरगळलेला दिसतो. आत पातळ कागदाचे बोळे भरतात, पण पाय जिथवर भरतो तिथवरच; जास्त भरला तर कातडं ताणून सुरकुती नाहीशी होते आणि तो बूट कुणाच्याच पायात तसा दिसणार नसतो. लेस दोन्हीकडे समान लांबीच्या, टोकं आत दडवलेली. तळाला चिकटलेला धुळीचा कण, डिंकाचा ओघळ, बोटाचा ठसा हे सगळं शूटच्या आधी ओल्या फडक्याने पुसणं दोन मिनिटांचं काम असतं. तेच नंतर संगणकावर पुसत बसलं तर अर्धा तास जातो.

रंगाचा प्रश्न या धंद्यात सगळ्यांत चिवट. कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी यंत्रणा समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं आहे असं धरून चालते, त्यामुळे पांढरा कागद करडा येतो आणि काळा बूटही करड्याकडे झुकतो. पांढऱ्यासाठी उजेड एक-दीड स्टॉप वाढवून घ्यावा लागतो. ट्यूबलाइट आणि खिडकी असे दोन जातींचे उजेड एकत्र आले तर बुटाची एक बाजू हिरवट आणि दुसरी निळसर होते, आणि मग कुठलीही दुरुस्ती दोन्ही बाजूंना पुरत नाही. म्हणून एकच उजेड ठेवायचा, आणि प्रत्येक शूटचा पहिला फोटो करडं कार्ड किंवा रंगपट्टी समोर धरून काढायचा. 1976 पासून छायाचित्रकार 24 चौकोनांची एक रंगपट्टी यासाठी वापरत आले आहेत. तिच्यावरून बाकीच्या फोटोंचे रंग जुळवता येतात.

एवढं केल्यावरही कोल्हापुरी दगा देते. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं कच्चं कातडं उजेडाने, तेलाने, वापराने गडद होत जातं. गुढीपाडव्याला काढलेल्या फोटोतली फिकट पिवळसर चप्पल गणपतीपर्यंत फळीवर राहिली तर तपकिरीकडे झुकलेली असते. शिवाय हाताने बनलेला प्रत्येक जोड छटेने थोडा वेगळा. यावर फोटोशॉप हा उपाय नाही. एकाच फोटोत तीन-चार जोड शेजारी ठेवून रंग कुठवर बदलतो ते दाखवावं, आणि जमलं तर सहा महिने वापरलेला एक जोडही दाखवावा. जुनी चप्पल विक्रीच्या पानावर ठेवायला दुकानदार धजत नाहीत, पण जे गिऱ्हाईक कोल्हापुरी घेतं त्याला ती मुरल्यावर कशी होते हेच पाहायचं असतं.

मापाबाबत फोटो एकटा काहीच सांगू शकत नाही. इंग्लंडच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, युरोपच्या पद्धतीत सेंटिमीटरचे दोन-तृतीयांश; एकाच बुटावर 8 आणि 42 असे आकडे शेजारी लिहिलेले असतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. आतल्या तळाच्या शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून काढलेला एक फोटो इथे पानभर तक्त्यापेक्षा उपयोगी पडतो. नव्या कोल्हापुरीचा अंगठा आणि पट्टा आवळ असतो आणि वापरून सैल होतो, हेही तिथेच लिहावं.

व्हिडिओचं काम फोटोला जमत नाही तिथे सुरू होतं: वाकणं, वजन, चकाकी, चाल. फिरत्या चौथऱ्यावर बूट गोल फिरवणं ही त्यातली सर्वांत जुनी रीत. ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरने 1995 मध्येच वस्तूचे सर्व बाजूंचे फोटो जोडून ती माउसने फिरवण्याची सोय आणली होती. दर 10 अंशांना एक असे 36 फोटो काढले की एक फेरी पुरी होते. पण फिरणाऱ्या बुटावरून आकार कळतो, स्वभाव कळत नाही. त्यासाठी हात आणि पाय चौकटीत यायला हवेत. दोन्ही हातांनी बूट धरून वाकवला तर तो पंजापाशी मोडतो की मधोमध, ते एका सेकंदात दिसतं. पंजापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर पायाला आधार नाही. जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोरून एक माणूस चालत गेला तर टाच निसटते का, पट्टा पायाला धरतो का, हे समजतं. चालणाऱ्याच्या पायाचं माप आणि बुटाचा नंबर पडद्यावर लिहिला तर फारच उत्तम.

तांत्रिक खबरदारी दोनच. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं नाही तर व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. दुसरं, फोनचा एक्स्पोजर आणि रंग ‘लॉक’ करून ठेवायचा. नाहीतर बूट फिरताना पांढरा सोल समोर आला की फोन सगळं दृश्य काळवंडवतो, काळी बाजू आली की उजळवतो, आणि बूट श्वास घेत असल्यासारखा दिसतो.

आवाजाचं एक दुःख आहे. खरेदीच्या ॲपवर व्हिडिओ बहुधा मुकेच सुरू होतात. कोल्हापुरीची करकर, जिच्यासाठी काही माणसं आजही कारागिराला मुद्दाम सांगून जोड करून घेतात, ती तिथे वाया जाते. ‘आवाज सुरू करा’ असं पडद्यावर लिहून पाहायला हरकत नाही.

राहता राहिली सफाई. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बूट कापून ठेवणं, टाचेखालचा ठोकळा, बूट टांगायला बांधलेला नायलॉनचा दोरा पुसणं, हे सगळं रीतसर. कातड्यावरची नैसर्गिक सुरकुती, शिवणीतला किंचित वाकडा टाका पुसणं रीतसर नाही, आणि इथे प्रश्न केवळ सौजन्याचा राहत नाही. जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळायला हवी, आणि जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. यंत्राने पार्श्वभूमी, पाय, कधी कधी अख्खा बूटच रचून देणारी साधनं आता फोनवरच मिळतात. कारखान्यातला बूट संगणकावरच आखलेला असल्याने त्याचं रचलेलं चित्र मूळ आराखड्याशी निदान जुळतं तरी. हाताने बनलेल्या चपलेचा असा आराखडाच नसतो. यंत्राने रचलेली वेणी कारागिराने घातलेलीच नसते, आणि तसला जोड परत आला की वाद घालायला विक्रेत्यापाशी काही उरत नाही. त्यापेक्षा परत आलेल्या प्रत्येक पार्सलासोबत गिऱ्हाइकाने दिलेलं कारण वहीत उतरवून ठेवावं: रंग वेगळा, पंजा अरुंद, तळ जाड, कातडं वाटत नाही. महिनाअखेरीस ती वही फोटो काढणाऱ्याच्या हातात द्यावी आणि ज्या जोडासमोर एकच कारण तिसऱ्यांदा आलं असेल, त्याचे फोटो नव्याने काढावेत.